रंग कोणता आणि रंग कशाचा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की मराठी घरात रंगाची चर्चा सुरू होते. माजघराला कोणता, ओटीला कोणता, यावरून वडीलधारी माणसे आणि कॉलेजात जाणारी मुले यांची चांगलीच जुंपते. नमुन्याच्या पट्ट्या येतात, शेजारच्या घरातले दाखले दिले जातात, आणि सगळे ठरून झाल्यावर कोणाला तरी आठवण होते, "अरे, पण न्हाणीघराला?" त्यावर बहुधा उत्तर येते, "उरेल तो द्या." वास्तविक नरकचतुर्दशीच्या पहाटे साऱ्या घराचा मान याच खोलीला मिळायचा असतो. तेल, उटणे, सुवासिक साबण यांचा थाट इथेच मांडला जातो, आणि घरातले लहानथोर क्रमाने इथूनच वर्षाची ताजी सुरुवात करून बाहेर पडतात. पण रंगाच्या पंगतीत तिचे पान शेवटी.

इतिहासाचे पान उलटून पाहिले, तर मात्र या उपेक्षित भिंतींवर जेवढे घडले तेवढे दिवाणखान्याच्या भिंतींवर क्वचितच घडले असेल. दिवाणखाना माणसाने आवडीने रंगवला. न्हाणीघर बहुतेक वेळा भीतीने रंगवले. कधी ओलीची भीती, कधी बुरशीची, कधी जंतूंची, तर कधी सरकारची! आणि गंमत अशी की, ज्या रंगाला माणूस भ्यायला हवा होता त्याला तो भ्याला नाही, आणि ज्या रंगावर त्याने विश्वास टाकला त्यानेच पुष्कळदा दगा दिला. ही हकिगत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

*

आपल्या जुन्या घरातली न्हाणी म्हणजे परसदाराकडची, अर्ध्या उजेडाची खोली. एका कोपऱ्यात चूल किंवा तांब्याचा बंब, त्याच्या धुराने काळवंडलेली भिंत, पायाखाली दगडी फरशी, आणि सांडपाण्याची वाट थेट अळूच्या किंवा केळीच्या बुंध्याशी. या खोलीला रंग निवडण्याचा प्रश्नच नव्हता. वर्षातून एकदा चुन्याचा हात द्यायचा, झाले.

पण हा चुना साधा समजू नये. चुनखडीचा दगड, किंवा कोकणात आणि गोव्यात समुद्राचे शिंपले, भट्टीत घालून सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यांतला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसतो, उकळतो, फुलतो, आणि मग शांत होतो. हा विरवलेला चुना पातळ करून भिंतीला लावला की तो हवेतला कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड बनतो. म्हणजे चुन्याचा हात देणे याचा अर्थ भिंतीवर दगडाचा एक पातळ पापुद्रा चढवणे. शिवाय ताजा चुना इतका दाहक असतो की बुरशी, शेवाळ आणि किडामुंगी त्यापुढे टिकत नाहीत. आणि तो भिंतीची वाट अडवत नाही. आतली ओल बाहेर येऊन वाळू शकते. न्हाणीला याहून योग्य लेप कोणत्याही शास्त्रज्ञाने मुद्दाम शोधून काढला नसता. आपल्या रंगाऱ्यांनी तो अनुभवाने राखला.

त्यात थोडा डिंक घालावा म्हणजे चुना कपड्याला लागत नाही, थोडी नीळ घालावी म्हणजे पिवळट झाक मरून पांढरा अधिक पांढरा दिसतो, हे घरोघरी ठाऊक होते. मात्र चुन्याचा स्वभाव मानी. तो हवा तो रंग आपल्यात शिरू देत नाही. गेरू चालतो, पिवळी माती चालते, नीळ म्हणून मिळणारे अल्ट्रामरीन चालते. पण प्रशियन निळा घातला की चुना त्याला मोडून टाकतो आणि निळ्याचा तपकिरी डाग करतो. यामुळे जुन्या भिंतींवर फिकट निळा, फिकट पिवळा, काविचा तांबडा एवढेच रंग पुन्हापुन्हा दिसतात. त्याला आपण पूर्वजांची सोज्ज्वळ अभिरुची म्हणतो. निम्मी अभिरुची चुन्याची होती.

या मोजक्या रंगांत एक फिकट हिरवट छटा असे. ती चुन्यात मोरचूद कालवून मिळे. नाशिककडच्या द्राक्षबागाईतदाराला हे मिश्रण दाखवले तर तो चटकन ओळखील, कारण बोर्डो मिश्रण म्हणून तो वेलींवर जे फवारतो तेही मोरचूद आणि चुनाच. फ्रान्समधल्या बोर्दो प्रांतात रस्त्याकडेच्या द्राक्षांवर लोकांनी हात मारू नये म्हणून शेतकरी वेलींना हा निळाहिरवा लेप देत. तेवढ्याच वेली रोगातून वाचतात, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले आणि १८८५ साली त्याने ते जगापुढे मांडले. चोरांसाठी लावलेला रंग बुरशीवर औषध ठरला! न्हाणीच्या भिंतीवर मोरचुदाचा हात देणाऱ्या रंगाऱ्याला मिलार्दे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याची भिंत बुरशीपासून त्याच न्यायाने राखली जात होती.

*

चुन्याला न मानवणारा, झळझळीत पोपटी हिरवा मात्र माणसाला सारखा खुणावत राहिला. तो पहिल्याने हाती लागला स्वीडनमधल्या शीले या रसायनशास्त्रज्ञाच्या, १७७५ साली. तांबे आणि सोमल यांच्या संयोगातून त्याने हा हिरवा केला. १८१४ साली जर्मनीत श्वाइनफुर्ट येथे त्याहून तेजस्वी असा दुसरा हिरवा विकायला निघाला; त्यातही सोमल होताच.

सोमलाच्या रंगाची ओळख आपल्याला नवी नाही. पोथी लिहिताना चूक झाली की लेखक त्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासत, आणि हरताळ म्हणजे सोमल व गंधक यांचे खनिज. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथून आला. पण आपण हरताळ फासली ती दोनचार अक्षरांवर. युरोपने सोमल फासला तो अख्ख्या घरावर: भिंतीला चिकटवायच्या कागदांवर, पडद्यांवर, मुलांच्या खेळण्यांवर, बायकांच्या टोपीवरल्या फुलांवर.

भिंत कोरडी असेतोवर धोका धुळीपुरता होता. ओल आली की गोष्ट निराळी होई. कागदामागच्या खळीवर बुरशी चढे आणि खोलीत लसणासारखा किंवा उंदरांसारखा उग्र दर्प सुटे. ग्मेलिन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३९ सालीच या दर्पाविषयी लोकांना सावध केले होते. पुढे १८९०च्या दशकात इटलीतल्या गोझिओने प्रयोग करून दाखवले की, बुरशी सोमलाच्या रंगावर पोसली की खरोखरच एक सोमलयुक्त वायू बाहेर पडतो. त्या वायूची मात्रा माणूस मारण्याइतकी होती का, याविषयी अलीकडच्या रसायनज्ञांनी शंका घेतल्या आहेत. झडणाऱ्या रंगाच्या विषारीपणाविषयी मात्र शंका नाही.

या प्रकरणातला सर्वांत नामांकित इसम म्हणजे नेपोलियन. सेंट हेलेना बेटावरील लाँगवुड हे त्याचे बंदिवासाचे घर ओलीसाठी कुप्रसिद्ध होते, आणि स्वारी तर तासन्‌तास कढत पाण्याच्या टबात बसून राहणारी. तिथल्या भिंतीवरच्या कागदाचा एक तुकडा एका जुन्या वहीत चिकटवलेला सापडला. १९८२ साली त्याची तपासणी प्रसिद्ध झाली. नक्षीतल्या हिरव्यात सोमल निघाला. झाले, सम्राटाला इंग्रजांनी नव्हे तर भिंतीने मारले, अशी आवई उठली. पण २००८ साली इटलीतल्या शास्त्रज्ञांनी त्याचे निरनिराळ्या वयांतले केस तपासले, तेव्हा लहानपणच्या केसांतही तितकाच सोमल आढळला. त्याच्या बायकोच्या आणि मुलाच्या केसांतही तसाच, आजच्या माणसाच्या सुमारे शंभरपट! नेपोलियन ५ मे १८२१ रोजी गेला तो बहुधा पोटाच्या कर्करोगाने. भिंतीने त्याला मारले नाही. त्या काळी सोमल सगळ्यांच्याच अंगात मुरलेला होता, एवढाच त्याचा अर्थ. मला तरी ही गोष्ट खुनापेक्षा अधिक भयंकर वाटते.

कारण सम्राटाची चौकशी झाली. बाकीच्यांची कोणी केली? १८६१ साली लंडनमध्ये माटिल्डा शॉयरर ही एकोणीस वर्षांची मुलगी मेली. कापडी पानांवर हिरवी पूड शिंपडण्याचे काम ती करी. पुढच्याच वर्षी लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच घरातली चार मुले एकामागून एक गेली. घटसर्प असावा असे आधी वाटले. पण शेजारीपाजारी तो रोग दिसेना, तेव्हा डॉक्टरची नजर मुलांच्या खोलीतल्या हिरव्या कागदाकडे वळली. इतके होऊनही भिंतीच्या कागदातल्या सोमलावर ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी अशी आलीच नाही. विल्यम मॉरिस हा थोर कलावंत. कागदांच्या नक्षीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण सोमल काढणाऱ्या खाणीत त्याच्या घराण्याचे भाग होते, आणि डॉक्टरांच्या ओरडीवर त्याचा विश्वास नव्हता. शेवटी गिऱ्हाइकच दुकानात जाऊन "बिनसोमलाचा दाखवा" म्हणू लागले, तेव्हा कारखानदारांना सुबुद्धी झाली.

*

हिरव्याने पोळलेली माणसे पांढऱ्याकडे वळली. पांढरा म्हणजे निर्दोष, अशी आपली सगळ्यांचीच समजूत. पण युरोपात तेलात कालवून लावायचा पांढरा म्हणजे सफेता, आणि सफेता म्हणजे शिसे. शिशाचे पत्रे शिर्क्याच्या भांड्यांवर ठेवून, ती भांडी शेणखतात पुरून, काही आठवड्यांनी वर चढलेला पांढरा थर खरवडून काढायचा, ही त्याची जुनी कृती. हे काम करणाऱ्यांच्या आणि तो रंग लावणाऱ्यांच्या पोटात कळा येत, मनगटे लुळी पडत. रंगाऱ्यांच्या या दुखण्याविषयी इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० साली आपल्या ग्रंथात लिहून ठेवले होते. पण भिंत पांढरी शुभ्र दिसत होती; रंगाऱ्याच्या मनगटाकडे कोण पाहतो?

पाहणारा एक निघाला, आणि तो स्वतः रंगारीच होता. पॅरिसमधला लक्लेर हा गरिबीतून वर आलेला रंगकामाचा ठेकेदार. आपली माणसे शिशाने आजारी पडतात हे पाहून त्याने १८४०च्या दशकात सफेत्याऐवजी जस्ताचा पांढरा वापरात आणला. नफ्यातला वाटा कामगारांना देणारा मालक म्हणूनही त्याचे नाव घेतले जाते. एका माणसाच्या धंद्याने हे दाखवून दिल्यावरही जगाला उमजायला वेळ लागला. घराच्या आतल्या रंगकामातून सफेता हद्दपार करण्याचा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हात झाला तो १९२१ साली. आस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या गिब्सन या डॉक्टरने १९०४ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. व्हरांड्याच्या कठड्यावरचा रंग उन्हाने भुकटी होतो, ती लहान मुलांच्या बोटांना लागते आणि बोटे तोंडात जातात. म्हणजे हा रंग लावणाऱ्याला बाधे, तसाच त्या घरात रांगणाऱ्यालाही.

तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चर आणि कॉख यांनी जंतू दाखवून दिले आणि पांढऱ्याला नवे तेज चढले. पांढऱ्यावर मळ दिसतो. मळ दिसला की पुसता येतो. तेव्हा आरोग्याचा रंग पांढरा! लाकडी चौकटी, पडदे, नक्षीचे कागद न्हाणीघरातून हाकलले गेले. पांढऱ्या झिलईच्या फरशा, पांढरे टब, पांढऱ्या भिंती आल्या. न्हाणीघर जणू इस्पितळाची खोली झाले.

*

हीच पांढरी श्रद्धा आपल्याकडे आली ती मात्र शिपायांच्या पहाऱ्यात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. रोग घाणीतून आणि कोंदट हवेतून पसरतो, घरांच्या भिंतींत आणि जमिनींत दबा धरून बसतो, अशी अधिकाऱ्यांची समजूत. मग गल्ल्यांतून कार्बोलिकचे पाणी फवारले जाऊ लागले, जमिनी उकरल्या जाऊ लागल्या, छपरांची कौले काढून ऊन आत सोडले गेले, आणि खोलीमागून खोली चुन्याने सफेत होऊ लागली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' ही इंग्रजी अक्षरे रंगवली गेली.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँडसाहेबाच्या हुकुमाखाली गोरे सोजीर घरात शिरू लागले. माजघर, देवघर, न्हाणी, काही उरले नाही. जिथे परका पुरुष कधी डोकावला नाही, तिथे बुटांसकट तपासणी होऊ लागली. वर्षानुवर्षे दिवाळीला आपल्या हाताने दिलेला चुना आता परक्याच्या हुकुमाने भिंतीवर चढला. एकच द्रव्य, एकच रंग. पण एका हातातून आला तेव्हा तो सण होता, दुसऱ्या हातातून आला तेव्हा अपमान. २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या.

आणि या साऱ्या पांढऱ्या उठाठेवीचा उपयोग? १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले की, प्लेग नेतो-आणतो तो उंदरांवरचा पिसू. पुढे १९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने मुंबईतच त्याची पक्की खात्री केली. पिसवाला भिंतीच्या रंगाशी काय कर्तव्य? उंदीर धान्याच्या पोत्यांत आणि छपरात नांदत होते. भिंती शुभ्र झाल्या आणि हिंदुस्थानात पुढच्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे प्लेगने मेली. आपल्या भाषेत 'चुना लावणे' याचा जो दुसरा अर्थ आहे, तो इथे आठवल्यावाचून राहत नाही. चुन्याचा त्यात दोष नव्हता. त्याला जे जमते ते सोडून न जमणारे काम सांगितले गेले.

*

पांढऱ्याचा दरारा पहिल्याने ओसरला तो, नवल म्हणजे, खुद्द शस्त्रक्रियागृहातच. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या हॅरी शर्मन या शल्यवैद्याला पांढऱ्या भिंतींच्या चकाकीने डोळे दिपून जखमेतले नीट दिसेना. रक्ताच्या तांबड्याला जोडीचा रंग हिरवा, म्हणून त्याने १९१४ साली भिंती आणि फरशी पालकाच्या भाजीसारखी हिरवी करून घेतली. डॉक्टरांचे हिरवे डगले आपण आज पाहतो त्यामागचे कारणही हेच. ज्या हिरव्याने एकेकाळी माणसे आजारी पडली, तो आता इस्पितळात मानाने आला. फरक एवढाच की, त्यात सोमल नव्हता.

मग १९२७ साली अमेरिकेत कोहलर कंपनीने टब आणि बेसिनेच निळी, जांभळट, हिरवी काढली, आणि न्हाणीघर इस्पितळातून पुन्हा घरात आले. १९५३ साली अध्यक्षपत्नी झालेल्या मेमी आयझेनहॉवरबाईंना गुलाबी रंगाचे वेड. त्यांच्यामागे अमेरिकेत गुलाबी न्हाणीघरांची लाटच उसळली. आपल्याकडे त्याच सुमारास चाळींतून आणि नव्या ब्लॉकांतून डिस्टेंपर आणि ऑइलपेंट यांचे राज्य सुरू झाले. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली रेखाटलेला एशियन पेंट्सचा गट्टू हातात ब्रश घेऊन घरोघर ओळखीचा झाला. खडूची भुकटी आणि सरस यांचे साधे डिस्टेंपर ओलीत टिकत नाही, आंघोळ करून भिंतीला टेकले की पाठीवर उमटते. म्हणून मोरीला कमरेइतका ऑइलपेंट आणि वर चुना, अशी वाटणी पुष्कळ घरांनी केली. ऑइलपेंट चकाकतो, पुसता येतो. पण भिंतीचा श्वास कोंडतो आणि मागे ओल असली की फोड येऊन सुटतो. आता खालच्या भागात टाइल्स आल्या, वर बुरशी न धरणारे धुण्याजोगे रंग आले, आणि पांढऱ्यासाठी शिशाची जागा टायटॅनियमने घेतली आहे. घरगुती रंगात शिसे दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. रामाझिनीच्या ग्रंथानंतर तीनशे सतरा वर्षांनी!

तेव्हा यंदा पट्ट्या पाहताना निळा की गुलाबी यावर खुशाल भांडावे. ते भांडण सणाचाच भाग आहे. अंधाऱ्या न्हाणीला फिकट रंग उजेड देतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. पण रंग कोणता हे विचारून झाले की रंग कशाचा हेही विचारावे. डब्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे ते वाचावे. भिंतीत ओल असेल तर आधी गळका नळ दुरुस्त करावा; ओल रंगाने झाकता येते, घालवता येत नाही. जुना ऑइलपेंट खरवडायचा असेल तर भिंत भिजवून खरवडायला सांगावे, कोरडी घासू देऊ नये, आणि त्या वेळी रांगते मूल शेजारच्या घरी द्यावे. आणि शिडीवर चढलेल्या रंगाऱ्याच्या नाकातोंडाला फडके बांधले आहे की नाही, हे चहा देताना एकदा पाहावे. चतुर्दशीच्या पहाटे आपण त्या भिंतींमध्ये न्हाऊन निघणार. ती धूळ मात्र आधी त्याच्या अंगावर पडलेली असते.